दोघींपुरता जनाना

रविवार ज्याने कुणी शोधून काढला, त्याच्या घरात माणसं भरपूर असणार. एकट्या माणसाला त्या सुट्टीचा काय उपयोग? बदनापूरच्या शाळेत मी इंग्रजीची शिक्षिका म्हणून लागले तेव्हा मोठा दुष्काळ नुकताच सरला होता. सोमवार ते शनिवार माझं बरं चालायचं. पोरांचा गोंगाट, फळ्यावरचा खडू, शिक्षकांच्या खोलीतला कान नसलेल्या कपातला चहा, यात दिवस जायचा. रविवारी मात्र कपडे धुऊन वाळत घातले की माझं जगातलं सगळं काम संपायचं, आणि तेव्हा सकाळचे आठसुद्धा वाजलेले नसायचे.

खोली मला एका शेतकऱ्याच्या घरी मागच्या अंगाला मिळाली होती. घरमालकीण वाईट नव्हती. पहिल्या दिवशी ती तोंडभर हसली, मग तिने आडनाव विचारलं, आणि ते हसू जिथं होतं तिथंच राहिलं. मुख्याध्यापकांनी शब्द टाकला होता म्हणून खोली गेली नाही, पण पाणी शाळेच्या हापशावरून आणायचं असं ठरलं. ठरलं म्हणजे तिने ठरवलं. आमच्या घरी छप्पन्न सालानंतर भिंतीवर बुद्धाची तसबीर लागली होती आणि वडिलांनी आम्हा भावंडांना बजावलं होतं की कुणाच्या दारात वाकून उभं राहायचं नाही. मी वाकले नाही. ताठ उभ्या असलेल्या बाईशी बोलायला फारसं कुणी थांबत नाही, एवढं मात्र त्यांनी सांगितलं नव्हतं. ते मला बदनापुरात कळलं.

एका रविवारी मी पॅसेंजरने जालन्याला गेले, चादरी घ्यायच्या निमित्ताने. चादरी होत्या की माझ्याकडे, पण गाडीत बसायला काहीतरी कारण लागतं. जुन्या जालन्यातल्या कापडाच्या दुकानांवरून फिरत फिरत एका टॉकीजपाशी आले, तर तिथं फळी लावलेली: दर रविवारी सकाळी इंग्रजी चित्रपट. खाली एका बाईचा काळापांढरा चेहरा. भुवया पेन्सिलीने ओढाव्या तशा बारीक, गालाची हाडं वर आलेली, पापण्या जड. हिंदी पोस्टरांवरच्या नट्या बघणाऱ्याकडे बघून हसतात. ही कुणाकडेच बघत नव्हती. मला वाटलं, हिचाही आज रविवार आहे.

मी तिकिटाच्या खिडकीपाशी गेले तर आतल्या माणसाने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि जनाना बंद आहे म्हणाला.

जनाना म्हणजे त्या टॉकीजमधली बायकांची बसायची जागा. निजामाचं राज्य जाऊन पंचवीस वर्षं झाली होती, पण जनान्याचा पडदा काही गेला नव्हता. एका भिंतीलगत बाकांच्या रांगा, त्यांना वेगळं दार, आणि पुरुषांच्या बाजूला तारेवरून सोडलेला जाड काळा पडदा. अंधार झाला की तो सरकवायचा, म्हणजे बायकांना चित्र दिसायचं. मध्यंतराचे दिवे लागायच्या आत पुन्हा ओढून घ्यायचा, म्हणजे पुरुषांना बायका दिसायच्या नाहीत. हिंदी-मराठी खेळांना तिथं पाय ठेवायला जागा नसे. इंग्रजी खेळाला मात्र बायका येत नसत, म्हणून जनाना उघडतच नसत. खिडकीतला माणूस मॅनेजरच होता; पुरुषांत बसते म्हटलं तर ते त्याला चालेना. एकट्या बाईसाठी जनानाही उघडता येत नाही, तसा कायदा नाही, असं तो ठासून म्हणाला. कुठला कायदा, ते मी विचारणार होते. माझ्या नाकावर राग तेव्हाही असायचा.

तेवढ्यात जनान्याच्या दाराशी फतकल मारून बसलेली एक बाई बोलली. ती जनान्याची राखणदारीण होती. तिकिटं फाडणं, पडदा ओढणं आणि रडणाऱ्या पोरांच्या आयांना बाहेर काढणं हे तिचं काम. काळीसावळी, चाळिशीची, केसांचा घट्ट बुचडा बांधलेली.

"एकटी कशी काय?" ती मॅनेजरला म्हणाली. "मंग मी कोन हाये? दोघी झालो की."

मॅनेजरने माझं तिकीट पुढे सरकवलं. त्याने तिला आजवर बायकांत धरलंच नव्हतं. तिने कनवटीची किल्ली काढून कुलूप उघडलं, आणि त्या सबंध रिकाम्या जनान्यात आम्ही दोघी मधोमध बसलो. मी तिला मावशी म्हणू लागले. ती मला बाई म्हणायची, शाळेतल्या पोरांसारखं.

आता पुढची फजिती. मी इंग्रजीची बाई. व्याकरण मला तोंडपाठ, निबंध झकास लिहायची. पडद्यावरची माणसं बोलायला लागली आणि मला एक अक्षर कळेना. तोंडात सुपारी धरून, नाकातून, पळत पळत बोलल्यासारखं ते इंग्रजी. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार! आणि मावशी तर पहिल्या वाक्यापासून माझ्या कोपराला हात लावून विचारायची, "काय म्हनली?" मास्तरणीला कळलं नाही असं तिला सांगायची माझी जीभ रेटेना. शिवाय कुणीतरी मला काही विचारत होतं, ही गोष्टच नवी होती. मी पदरचं घालून सांगू लागले.

त्या चित्रपटातली गोष्ट डोळ्यांनी बघूनही बरीच समजत होती. ती नटी एका मोठ्या घराची सून होती. घरात कडक सासू, तोंड न उघडणारा नवरा आणि एक चिमुरडी मुलगी. एका पहाटे ती झोपलेल्या मुलीच्या अंगावर आपली शाल टाकते आणि निघून जाते. मग जहाज, परकी गावं, हॉटेलांतून गाणं, आरशापुढे बसून पुसलेला रंग. केस पिकतात. शेवटी ती त्याच घराच्या फाटकाशी परत येते, फाटकावर हात ठेवते, आणि पडदा पांढरा फटफटीत झाला. पुरुषांच्या बाजूने शिट्ट्या सुरू झाल्या. शेवटचं रीळ आलंच नव्हतं. मॅनेजरने खेळ संपल्याचं जाहीर केलं आणि लोक त्याच्या नावाने बोटं मोडत गेले.

मावशी जागची उठेना. तिने विचारलं, "फाटक उघडलं का न्हाई मंग?"

पुढच्या रविवारी कळेल, असं सांगून मी वेळ मारून नेली. म्हणजे मला पुढच्या रविवारी यावं लागणार होतं. परतीच्या गाडीत मला भूक लागल्याचं कळलं. अशी भूक कित्येक आठवड्यांत लागली नव्हती.

त्या नटीचे जुने चित्रपट कुठल्याशा डेपोत पडून होते आणि मॅनेजरला स्वस्तात मिळत होते, म्हणून दोन-तीन रविवारांआड तिचाच खेळ लागायचा. पण क्रम कसला आलाय! रिळांची जी पेटी आधी आली ती आधी लागायची. पहिल्यांदा पिकल्या केसांनी फाटकाशी उभी असलेली बाई पुढच्या खेपेला विशीतली पोर होऊन सायकलवरून आली. मावशी चपापली.

"ही तर तरनी झाली की."

मी म्हटलं, ही आधीची गोष्ट आहे. तिने लगेच मान डोलावली. माणसाला आठवतं ते असंच, मागचं पुढं नि पुढचं मागं, असं काहीसं ती म्हणाली आणि पाय वर घेऊन बसली. तेव्हापासून आमच्या दोघींत न बोलता ठरून गेलं की हे सगळं एकाच बाईचं आयुष्य आहे. एका चित्रपटात ती राणी होती. मी सांगितलं, तिला नाटकात काम मिळालंय. एकात तिला गोळी लागली. मला पक्कं ठाऊक होतं की पुढच्या महिन्यात ही पुन्हा येणार, म्हणून मी तिला मरू दिलं नाही, दवाखान्यात नेल्याचं सांगितलं. आणि प्रत्येक खेळ संपला की मावशीचा एकच सवाल असायचा: लेकीचं काय?

तिला हे खरंच एक आयुष्य वाटत होतं का, ते मला आजही सांगता येणार नाही. ती वर्षानुवर्षं टॉकीजमध्ये होती. शुक्रवारी मेलेला नट पुढच्या शुक्रवारी नाचतो हे तिला माझ्याहून चांगलं माहीत होतं. हिंदी खेळात बायका रडायच्या तेव्हा ती दाराशी बसून शेंगा सोलायची. पण या परक्या बाईच्या बाबतीत तिने वेगळं ठरवलं होतं, आणि मीही.

मध्यंतरात ती फडक्यातली भाकरी सोडायची. पहिल्याच वेळी तिने भाकरी मोडून अर्धी माझ्या हातावर ठेवली आणि माझ्या डब्यातली भाजी न विचारता घेतली. मी सवयीने, आधीच सांगून टाकलेलं बरं म्हणून, माझं आडनाव सांगितलं. ती घास चावत म्हणाली, "म्या इचारलं का?" आणि पुन्हा भाजीत बोट घातलं. बदनापुरात मला हापशावरून पाणी आणावं लागत होतं आणि इथं ही बाई माझ्या डब्यात जेवत होती. मला रडू येईल असं वाटलं. मग मी तिला भाजीत मीठ कमी आहे का ते विचारलं.

एकदा तर मोठाच घोटाळा झाला. त्या दिवशीच्या चित्रपटात ती नटी एका आगगाडीच्या खिडकीशी बसली होती आणि फलाटावर दुसऱ्याच कुणाची छोटी मुलगी तिला हात करत होती. ती हात वर करते आणि अर्ध्यातच खाली घेते. इतकंच. मी काही सांगायचं विसरले, मावशी पडदा ओढायचा विसरली, आणि लखकन दिवे लागले. टॉकीजमधले यच्चयावत पुरुष माना वळवून आमच्याकडे बघत होते, आणि आम्ही दोघी पदर तोंडाला लावून हमसाहमशी रडत होतो. कुणीतरी खाकरलं. मावशी ताडकन उठली आणि पडदा असा ओढला की तारेवरच्या दोन कड्या तुटल्या. मॅनेजरने तिला चारचौघांत खूप सुनावलं. तिने ऐकून घेतलं. मग माझ्याजवळ येऊन बसली आणि आपली गोष्ट सांगितली.

तिचं सासर घनसावंगीकडच्या एका खेड्यात होतं, घर शेतीवाडीचं, खाऊनपिऊन सुखी. नवरा मारायचा. कशाने मारायचा ते तिने सांगितलं, ते मी लिहिणार नाही. एके दिवशी ती उठली आणि भावाकडे जालन्याला आली. मुलगी तेव्हा तीन वर्षांची. सासूने लेकरू सोडलं नाही आणि गावात सांगितलं की सून मेली. मेलेल्या बाईला परत जाता येत नाही. भावजयीने चार महिने ठेवून घेतलं, मग टॉकीजमधलं हे काम बघून दिलं. नवरा पुढे खरोखरच मेला. मुलीचं लग्न झालं तेही तिला आठ-पंधरा दिवसांनी कळलं, जनान्यात आलेल्या त्या गावच्या एका बाईकडून. लेकीच्या लग्नाच्या दिवशी आपण इथं तिकिटं फाडत होतो, असं ती म्हणाली. ते तिने इतक्या साध्या आवाजात सांगितलं की मला तिच्याकडे बघवेना.

टॉकीजच्या बाहेर एक रद्दीवाला बसायचा. त्याच्याकडे बड्या साहेबांच्या बंगल्यांतून आलेली इंग्रजी मासिकं किलोने मिळत. तिथंच एकदा मला आमच्या पडद्यावरच्या बाईचा फोटो दिसला. मी ते मासिक घेतलं आणि स्टेशनवरच्या बाकावर बसून वाचलं. वाचलेलं इंग्रजी मला कळायचं. गरिबाघरची मुलगी, आई लोकांचे कपडे धुवायची. ही टेलिफोनच्या ऑफिसात डोक्याला यंत्र लावून इकडच्या माणसाचं बोलणं तिकडच्या माणसाला जोडून द्यायची. तिथून कुणीतरी तिला सिनेमात नेलं. कंपनीने तिचं नाव बदललं, दात बदलले, कपाळावरचे केस उपटून कपाळ मोठं केलं. बोलण्याची ढब नीट करायला मास्तर ठेवला. मग लोकांनी तिला डोक्यावर घेतलं, वर्षानुवर्षं. नंतर दोन चित्रपट पडले, आणि वय ऐन भरात असताना तिने एका दिवशी काम सोडलं ते कायमचं. लग्न नाही, मूल नाही. एका मोठ्या शहरात उंच इमारतीत ती एकटीच राहते, असं त्यात लिहिलं होतं. संध्याकाळी काळा चष्मा लावून फिरायला जाते आणि कुणाशी बोलत नाही. खाली आताचा फोटो होता, पाठमोरा.

मला तिचा राग आला. एवढं रूप, एवढं नाव, आणि करून करून शेवटी माझ्यासारखीच खोली! तिथवर पोचायला मला तर काहीच करावं लागलं नव्हतं. गाडी आली तेव्हा ते मासिक मी बाकावरच ठेवलं. मावशीला यातलं अवाक्षर सांगायचं नाही असं मी ठरवलं.

पुढच्या हिवाळ्यात मावशी एका रविवारी जनान्याच्या दाराशी उभीच होती. कधी नव्हे ते तिने कुलूप आधीच काढून ठेवलं होतं. चित्रपट सुरू झाला तरी तिचं लक्ष नव्हतं, एकदाही तिने कोपराला हात लावला नाही. मध्यंतर झालं. तिने पडदा ओढला आणि सांगितलं की लेकीला सातवा महिना लागलाय. पहिलटकरीण आहे. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, पण माहेरी आहे कोण? बाप नाही, आणि जिने वाढवलं ती आजी पावसाळ्यात गेली. घराला कुलूप. सासरच्यांनी पोरीला तोंडावर विचारलं म्हणे, तुझं बाळंतपण करायला कोण येणार? ही बातमीसुद्धा जनान्यातच आली होती.

मी म्हटलं, मग जा की. ती म्हणाली, जाऊन काय सांगू? मेलेली आई उठून आली म्हणून? पोरीने तोंड फिरवलं तर? आजवर निदान तिच्या लेखी आपण मेलेल्या तरी आहोत, मेलेल्या माणसाचा कुणी राग करत नाही. तिने हे सगळं जमिनीकडे बघत सांगितलं. मग तिने मान वर केली.

"बाई, खरं सांगा. त्या पहिल्या पिच्चरात, ती फाटकापशी आल्ती. तिनं लेकीला तोंड दाखवलं का न्हाई?"

मला ठाऊक नव्हतं. जगातल्या कुणाला ठाऊक असेल तर त्या न आलेल्या रिळाला. मला मासिकातला तो पाठमोरा फोटो आठवला. आणि दुसरंही आठवलं, तेही सांगून टाकते: मावशी गेली तर माझ्यासाठी जनाना कोण उघडणार? हा विचार माझ्या मनात आला आणि तो बराच वेळ तिथं बसून राहिला.

"दाखवलं," मी म्हणाले.

"आन पोरगी?"

"पोरगी म्हणाली, एवढा उशीर का केलास?"

 दिवे गेले, मावशीने पडदा सरकवला, आणि उरलेला चित्रपट तिने बिलकुल न हलता बघितला. सुटल्यावर तिने किल्ली कनवटीला लावली नाही. ती मॅनेजरच्या टेबलावर नेऊन ठेवली.

पुढच्या रविवारी मी गेले तेव्हा दाराला कुलूप होतं. त्याच्या पुढच्या रविवारीही होतं. हिंदी खेळांना एक दुसरी बाई येऊ लागली होती, पण सकाळच्या खेळाला यायला ती तयार नव्हती. मॅनेजर आता माझ्याशी नरमाईने बोलायचा, म्हणायचा, कुणी सोबतीण आणा, लगेच उघडतो. सोबतीण आणायची कुठून? घरमालकिणीला विचारून बघितलं. ती म्हणाली, इंग्रजी पिच्चर बघून आम्ही काय करावं. शाळेत माझ्याशिवाय बाई नव्हती. मी काही रविवार उगाच जालन्याला जाऊन फळीवरचे चेहरे बघून परत आले. मग तेही सोडलं.

वाईट दिवस होते ते. रविवारी मी खोलीत बसून तिला मनातल्या मनात गोष्ट सांगायची, पण "काय म्हनली?" असं विचारणारं कुणी नसलं की गोष्ट पुढे सरकत नाही. मावशीचं काय झालं, पोरीने तिला घेतलं का हाकललं, काही कळायला मार्ग नव्हता. हाकललं असतं तर ती टॉकीजला परत आली असती, असा मी हिशोब मांडायची. आणि खरं सांगायचं तर कधी कधी मला वाटायचं, हाकललं असतं तर बरं झालं असतं. असं वाटलं की मी उठून भांडी घासायला घ्यायची, घासलेली असली तरी.

दोनेक वर्षांनी टॉकीजचं काम निघालं. नवा मालक आला, बाकांच्या जागी खुर्च्या आल्या, आणि जनाना मोडून टाकला. पडदा गेला, तार गेली, वेगळं दार विटांनी बुजवलं. आता बायका कुठंही बसू शकत होत्या. रविवारचा इंग्रजी खेळ चालूच होता. मी खिडकीशी गेले तर आतल्या माणसाने मान वर न करता तिकीट फाडून दिलं. एवढ्यासाठी एके काळी मी त्या मॅनेजरशी भांडायला निघाले होते. मी एका रांगेत बसले. आजूबाजूला कॉलेजातली पोरं होती, त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

आणि लागला तो तोच चित्रपट. कडक सासू, झोपलेली मुलगी, अंगावर टाकलेली शाल. या वेळी पेटी पुरी आली होती. एव्हाना मला त्यांचं बोलणं समजू लागलं होतं, इतक्या रविवारांनी कान तयार झाले होते. ती फाटकाशी आली, हात ठेवला, आणि फाटक उघडलं. उघडणारी तिची मुलगीच होती, मोठी झालेली, लग्न ठरलेली. मुलगी म्हणाली, तुम्ही कपडे शिवायला आलात ना? आम्ही वाटच बघतोय. आई हो म्हणते. मग दिवसभर खाली बसून ती मुलीच्या लग्नाच्या झग्याला टाके घालते. मुलगी उभी राहते, ही तिच्या कमरेचं माप घेते, खांद्याला टाचणी लावते. संध्याकाळी दोरा दातांनी तोडून ती उठते, फाटक लावून घेते आणि रस्त्याने चालू लागते. आपण आई आहोत हे तिने शेवटपर्यंत सांगितलं नाही.

मी रडले नाही.  ते रीळ त्या पहिल्या रविवारी आलं असतं, आणि मला तेव्हा इंग्रजी कळत असतं, तर मावशीने विचारल्यावर मी काय सांगितलं असतं? खरं माहीत असताना खोटं बोलायला मी भिणारी बाई आहे. बरं झालं मी तेव्हा अडाणी होते, असं मला पहिल्यांदाच वाटलं. ते कुणाला तरी सांगावंसंही वाटलं. शेजारच्या खुर्चीवर एका पोराची पिशवी होती.

त्यानंतर उन्हाळ्यात जालन्याच्या बसस्टँडवर मावशी भेटली. अंगाने भरली होती. कडेवर दोन-सव्वादोन वर्षांचा नातू होता, त्याला डॉक्टरकडे दाखवून परत निघाली होती. मला बघताच तिने हातातली पिशवी खाली टाकली. मी काही विचारायच्या आधीच तिने सांगितलं. ती गेली तेव्हा लेक सासरच्या अंगणात बसून तांदूळ निवडत होती. हिने नाव सांगितलं. पोरीने सूप बाजूला ठेवलं, तिच्याकडे बघितलं, आणि एवढंच विचारलं, जेवून आलीस का? उशीर का केलास, ते तिने अजूनही विचारलेलं नाही. बाळंतपण झालं आणि लेकीने परत जाऊ दिलं नाही. ती आता तिथंच शेतावर जाते, पोराला सांभाळते. हे सांगताना ती तोंडभर हसत होती, आणि माझ्याही डोळ्यांत आनंदाने पाणी आलं. आनंदाने आलं, हे मी मुद्दाम लिहिते आहे.

मग तिने खालच्या आवाजात विचारलं, "आन त्या आपल्या बाईचं काय झालं पुढं?"

"ती आता पिक्चरमध्ये येत नाही."

"का वं?"

"लेकीच्या बाळंतपणाला गेली होती. तिकडंच राहिली."

"बराबर केलं तिनं," मावशी म्हणाली.

घनसावंगीची एस.टी. लागली. लोक दाराशी झोंबू लागले. मी नातवाला धरलं, तिने आत शिरून खिडकीशी जागा पकडली, आणि मी खिडकीतून पोर तिच्या मांडीवर दिलं. तेव्हा तिला अचानक आठवलं.

"बाई, आता जनाना कोन उघडतं तुम्हाला?"

मी सांगितलं की जनाना गेला, पडदा काढून टाकला, आता एकट्या बाईलाही सोडतात.

"मंग तर लई बरं झालं," ती म्हणाली.

गाडी हलली. तिने नातवाचा हात धरून मला हलवून दाखवला. मी हात वर केला आणि गाडी दिसेनाशी होईपर्यंत वरच ठेवला. मला काही बरं झालं नव्हतं, पण तिने ते विचारलं नव्हतं.